न पेटलेली गंजी

आमच्या घोडनदीकाठच्या गावांतून उन्हाळ्यात कधीकधी गंज्यांना आग लागते. सुगी आटोपलेली असते, कडब्याच्या गंज्या खळ्याच्या कडेने ओळीने रचलेल्या असतात, आणि कोणाच्या तरी विडीचे थोटूक म्हणा, चुलीतली ठिणगी म्हणा, वाऱ्याबरोबर तेथे येऊन पडते. मग पाहता पाहता सारी ओळ पेटते. माणसे घागरी-बादल्या घेऊन धावतात. पण कडब्याने पेट घेतला म्हणजे पाण्याचे काही चालत नाही. सकाळी जाऊन पाहावे तर राखेच्या ढिगांत एखादी गंजी जशीच्या तशी उभी असते! मग दिवसभर पारावर तिचीच चर्चा. कोणी म्हणावयाचा, "मालकाची पुण्याई." कोणी हळूच म्हणावयाचा, "त्यानंच तर लावली नसंल ना?" खालचा कडबा ओला होता, की वारा फिरला, की दोन गंज्यांमध्ये चार हात जागा अधिक होती, हे वाकून पाहण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही.

ही न पेटलेली गंजी आज आठवावयाचे कारण एक बाई आहे. तिचे नाव सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि तिच्या गावाचेही सांगत नाही. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे आणि पुढे दौंडकडे जाताना जी गावे लागतात त्यांतले ते एक, एवढे पुरे.

२००४ सालचा जून महिना. मी तेव्हा नुकताच शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो होतो. ती आपल्या मुलाला पाचवीत घालावयास घेऊन आली. नवरा नगर रस्त्यावर ट्रक चालवीत असे. आदल्या वर्षी तो वारला. कशाने वारला हे कोणी मोठ्याने बोलत नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते. दोनतीन पालक आधीच येऊन सांगून गेले होते, "त्या पोराला आमच्या पोरांच्या बाकावर बसवू नका." बाईने पदराच्या गाठीतून घडी पडलेले कागद काढले. सरकारी दवाखान्यात तिचे रक्त तीन-तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासले होते. दोन्ही वेळा निर्दोष. मुलाचेही निर्दोष. थोरल्या गुरुजींनी कागद उलटेपालटे पाहिले आणि म्हणाले, "कागद ठीक आहेत हो बाई, पण गावाचं तोंड कसं धरायचं?"

अखेर मुलाला प्रवेश मिळाला. परंतु त्या दिवशी पायरीवर बसून ती मला जे म्हणाली, ते माझ्या मनातून आजवर गेलेले नाही.

"गुरुजी, सासूबाई म्हणत्यात, माझा लेक गेला, मग हिला काहीच कसं झालं न्हाई? हिला आधीच ठावं आसंल, म्हणून लांब ऱ्हायली. आन् गल्लीतल्या बाया म्हणत्यात, तू देवाची माणूस, तुझ्या पुण्याईनं वाचलीस. मी येवढी पुण्यवान, तर मग नवरा कसा गेला? माझी चुलतजाऊ ह्याच दुखण्यानं गेली, ती काय पापी व्हती? सांगा, माझं रगात चांगलं निघालं ह्याचा आनंद करायचा का लाज धरायची?"

मला उत्तर देता आले नाही. माझे शास्त्राचे ज्ञान मॅट्रिकपाशी थांबलेले. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा हिची कथा लिहावयास घेतली आणि ऐंशी पाने लिहूनही झाली. त्या पानांतून ती सती-सावित्री झाली होती. एके रात्री ती पाने वाचताना लक्षात आले, की गल्लीतल्या बाया जे म्हणत होत्या तेच मी शुद्ध भाषेत म्हटले आहे. कादंबरीकाराला प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटविण्याची खोड असते. निसर्गाला ती नसते. पाने बाजूस ठेवली आणि शोध घेऊ लागलो. तो शोध म्हणजेच हा लेख.

शोधाचा आरंभ मला घरापासूनच करावा लागला. आमचे शिरूर म्हणजे जुनी घोडनदीची छावणी. १८१७ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री इंग्रजांची पलटण कोरेगावाकडे निघाली ती येथूनच. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. मनमाडला जाणारा फाटा १८७८ साली सुरू झाला आणि भीमेकाठचे हे गाव साऱ्या हिंदुस्थानच्या वाटेवर आले. छावणी, जंक्शन आणि हमरस्ता, म्हणजे घर सोडून आलेल्या पुरुषांच्या मुक्कामाच्या जागा. आणि असे पुरुष जेथे मुक्कामाला असतात, तेथे पोटासाठी देह विकणाऱ्या स्त्रियाही आपल्या समाजाने आणून बसविल्या आहेत.

इंग्रजी अमदानीत गोऱ्या सोजिरांमध्ये गुप्तरोगांचा सुळसुळाट झाला, तेव्हा सरकारने काय केले? १८६४ साली छावण्यांसाठी आणि १८६८ साली मोठ्या शहरांसाठी कायदे केले. त्यांनुसार या स्त्रियांची नावे नोंदवावयाची, त्यांची सक्तीने तपासणी करावयाची आणि रोग आढळला तर त्यांना इस्पितळात कोंडून ठेवावयाचे. सोजिरांवर मात्र अशी सक्ती नव्हती. रोग देणारे दोन, पण पिंजऱ्यात उभी एकटी बाई! विलायतेत जोसेफाइन बटलर नावाच्या धैर्यशील स्त्रीने असल्याच कायद्यांविरुद्ध मोठी चळवळ उभारली. तेथे ते १८८६ साली रद्द झाले आणि आपल्याकडचा १८६८ चा कायदा १८८८ साली. कायदा गेला, पण त्यामागची समजूत गेली नाही. रोगाचे मूळ बाईत शोधावयाचे ही ती समजूत. ती सरकारी दप्तरातून निघून आमच्या ओसरीवर येऊन बसली.

शंभर वर्षांनी तिला पुन्हा धार आली. १९८१ साली अमेरिकेत एका नव्या रोगाची नोंद झाली. माणसाची रोगाशी झुंजण्याची शक्तीच त्यात नाहीशी होत असे. दोन वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँताग्निए या शोधकांना पुढे २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिंदुस्थानात त्या वेळी पुष्कळांना वाटत होते, की हे पश्चिमेचे दुखणे आहे, आपल्या संस्कृतीत त्याला थारा नाही. १९८६ साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात निर्मला नावाची एक विद्यार्थिनी सूक्ष्मजंतुशास्त्राचा प्रबंध लिहीत होती. तिच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत वाढलेली मराठी घरातली मुलगी. निर्मलाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि तपासणीसाठी ते बर्फाच्या पेटीतून रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. त्यांत सहा जणींच्या रक्तात विषाणूची खूण सापडली. या देशात एचआयव्ही आला आहे हे कळले ते असे. सॉलोमनबाईंनी पुढे सारे आयुष्य या रुग्णांना वाहिले, आणि वडिलांच्या नावाने १९९३ साली संस्था काढून तेथे त्यांवर उपचार केले. २०१५ साली त्या वारल्या.

त्या सहा जणींनी आपण होऊन कोणाचे काही बिघडविले नव्हते. कोणीतरी त्यांना तो विषाणू दिला होता. पण साऱ्या देशाचे बोट त्यांच्याचकडे वळले. जुन्या छावणीचा कायदा नसतानाही त्याचे राज्य चालू होते.

आता पुण्याकडे वळू. १९९२ साली भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. आज ती वेगळ्या नावाने ओळखली जाते, पण आमच्याकडचे लोक तिला अजून 'नारी' असेच म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेले हे नाव मराठीत असा अर्थ देऊन गेले, हा योगायोग मोठा विलक्षण. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तेथील शास्त्रज्ञांनी पाहणी केली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली ती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ५२५ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात शंभरांमागे सुमारे पन्नास जणींना विषाणूची बाधा झालेली होती. हे अपेक्षितच होते. धक्का दिला तो उरलेल्या ३९१ जणींनी. त्या देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित, नवऱ्याखेरीज कोणाला न ओळखणाऱ्या. त्यांच्यातही शंभरांमागे जवळजवळ चौदा जणी बाधित निघाल्या. पातिव्रत्य हे जर कवच असते, तर या चौदा जणींना का उपयोगी पडले नाही? आमच्या त्या बाईच्या चुलतजावेला का पडले नाही? पुण्याईचा सिद्धान्त या एका आकड्याने कायमचा निकालात निघावयास हवा होता.

परंतु आकडा उलट बाजूनेही वाचावा लागतो. शंभरांतल्या पन्नास जणी बाधित होत्या. मग उरलेल्या पन्नास? रोज आगीशेजारी राहून त्या पेटल्या कशा नाहीत? काही नव्याने आलेल्या असतील, काही निरोधाचा आग्रह धरणाऱ्या असतील, काही निव्वळ दैवाने बचावल्या असतील. त्या पाहणीवरून याहून अधिक म्हणता येणार नाही. तथापि हाच प्रश्न मनात धरून वर्षानुवर्षे त्याच स्त्रियांच्या मागे राहिलेली एक पाहणी आफ्रिकेत झाली, आणि या साऱ्या इतिहासाचे खरे वळण तेथे आहे.

केनियाची राजधानी नैरोबी. तिच्या पुमवानी नावाच्या गरीब वस्तीत १९८५ सालापासून नैरोबी विद्यापीठाचे आणि कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉक्टर मिळून एक दवाखाना चालवीत होते. डॉ. फ्रँक प्लमर हे त्यांतले प्रमुख. निघाले होते दुसऱ्याच गुप्तरोगांचा अभ्यास करावयास. पण स्त्रियांचे रक्त तपासू लागले तेव्हा पुष्कळ जणी एचआयव्हीने बाधित असल्याचे दिसले. ज्या बाधित नव्हत्या अशा ४२४ जणींवर १९८५ ते १९९४ पर्यंत त्यांनी लक्ष ठेवले. त्यांतल्या २३९ जणी डोळ्यांदेखत बाधित झाल्या. पण एक छोटा गट असा निघाला, की धंदा तोच, वस्ती तीच, येणारे पुरुष तेच, आणि वर्षांमागून वर्षे गेली तरी रक्त स्वच्छ! नुसत्या योगायोगाने इतक्या जणी इतकी वर्षे वाचणे शक्य नाही, असे हिशेबाने सिद्ध झाले. १९९६ साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा साऱ्या जगातील शास्त्रज्ञांनी कान टवकारले. ज्या स्त्रीला आजवर रोगाचे मूळ म्हणून कोंडले, तिच्याच देहात रोगावरचा उपाय लपला असेल की काय, असा प्रश्न शास्त्राने प्रथमच विचारला.

मग वाकून गंजी पाहणे सुरू झाले. काय आढळले ते माझ्या शाळेतल्या पोरांना सांगतो तसे सांगतो.

हा विषाणू स्वतः जगू शकत नाही. आपल्या रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशीत त्याला शिरावे लागते. तिच्या दाराला जणू दोन कड्या असतात आणि दोन्ही काढल्याशिवाय आत जाता येत नाही. १९९६ सालीच असे कळले, की काही माणसांच्या पेशींवर दुसरी कडी जन्मतःच नसते. मग या विषाणूच्या बहुतेक जाती दाराबाहेरच राहतात. परंतु हे वरदान मुख्यतः उत्तर युरोपातील लोकांत आढळते, आणि तेथेही आईबाप दोघांकडून ते मिळालेली माणसे शंभरांत एखादेच. आफ्रिकेतल्या त्या स्त्रियांत ते नव्हते आणि आपल्याकडेही ते अगदीच विरळ. तेव्हा पुमवानीचे कोडे याने सुटत नव्हते.

दुसरे उत्तर राखणदाराचे. आपल्या शरीरात अशाही पांढऱ्या पेशी असतात, की ज्या बाधित झालेली पेशी ओळखून तिचा नाश करतात. १९९५ साली गांबिया देशात आणि १९९८ साली नैरोबीत, बाधा न झालेल्या या स्त्रियांच्या रक्तात अशा राखणदार पेशी सापडल्या आणि त्या नेमक्या याच विषाणूला ओळखत होत्या. म्हणजे विषाणू दाराशी येऊन गेला होता. राखणदाराने त्याचे तोंड पाहिले होते, पण घर पेटू दिले नव्हते. मात्र याला एक दुःखद पुरवणी आहे. यांतल्या काही स्त्रियांनी काही काळ हा धंदा कमी केला, आणि त्यानंतर त्यांतल्या काही जणी बाधित झाल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले. राखणदार रोज चोर पाहत होता तोवर जागा होता. चोर येईनासा झाला तसा त्याचा डोळा लागला, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला. कवच म्हणावे तर ते असे, जन्मभर पुरेल याची हमी नसलेले.

तिसरे उत्तर मला सर्वांत विलक्षण वाटले. आपण समजतो, की रोगाशी झुंजावयाचे तर शरीर सदैव खवळलेले हवे. पण हा विषाणू चेतलेल्या पेशींतच जोमाने वाढतो. शरीर जितके खवळेल तितका त्याला वाळलेला कडबा मिळतो. पुमवानीच्या त्या स्त्रियांच्या पेशी उलट शांत, निवांत असल्याचे आढळले. शिवाय त्यांच्या गुह्यांगाच्या आतल्या ओल्या अस्तरात दाह आवरणारी काही प्रथिने अधिक होती. म्हणजे कडबा ओला होता. ठिणगी पडली आणि विझली. याखेरीज जन्मतः मिळालेल्या काही रक्तखुणांचाही संबंध दिसला. थोडक्यात, उत्तर एक नाही. कोणाचे एक, कोणाचे दुसरे, आणि बहुधा पुष्कळांचे मिळून थोडेथोडे.

पण येथे एक मोठी सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणी घरातल्या बाईला "तुझ्यात काहीतरी शक्ती आहे" असे सांगेल आणि तिचा घात होईल. नवऱ्याला बाधा आणि बायको निरोगी अशी जोडपी जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक बायकांत असे काहीही खास नसते. एका वेळच्या संबंधात पुरुषाकडून स्त्रीला बाधा होण्याची शक्यता सरासरीने दहा हजारांत आठ एवढीच धरली जाते. बाधा अगदी नवी असताना, औषधाविना आजार बळावलेला असताना, किंवा गुप्तरोगाची जखम असताना ती कितीतरी वाढते. म्हणजे प्रत्येक ठिणगीने गंजी पेटतेच असे नाही. परंतु ठिणग्या रोज पडत राहिल्या तर पेटण्याचा दिवस कधी उजाडेल ते सांगवत नाही. आमची बाई वाचली ती बहुधा अशी. नवरा महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर असे, हेही तिने मला नंतर सांगितले होते.

मग त्या आफ्रिकी स्त्रियांच्या देहातून लस निघाली का? अजून नाही. खुद्द पुण्यात, भोसरीच्या संस्थेत, २००५ साली एचआयव्हीवरील लशीची देशातली पहिली माणसांवरची चाचणी झाली. निरोगी स्वयंसेवक स्वखुशीने पुढे आले. लस घातक ठरली नाही, पण हवी तेवढी शक्तीही तिने निर्माण केली नाही. जगातही आजपर्यंत पक्की लस सापडलेली नाही. इतक्या वर्षांत इतक्या बुद्धिमान माणसांनी डोके फोडूनही हे कोडे उरले आहे, यावरून या शत्रूची जात ध्यानात येईल.

तथापि दुसरे एक दार उघडले, आणि ते उघडणाऱ्यांत पुण्याची जोडपीही होती. नऊ देशांतील १७६३ जोडपी निवडण्यात आली. प्रत्येकात एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी. पुणे आणि चेन्नई येथेही हे काम चालले. निम्म्या जोडप्यांत बाधित जोडीदाराला लगेच औषध सुरू केले, निम्म्यांत त्या वेळच्या रीतीप्रमाणे प्रकृती ढासळू लागल्यावर. २०११ साली हिशेब झाला. जोडीदाराकडूनच बाधा झाल्याचे सिद्ध झालेली प्रकरणे २८. आणि त्यांपैकी लगेच औषध घेणाऱ्यांच्या गटातले केवळ एक! बाधित माणसाने नियमाने औषध घेतले आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला, की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हे आता जगभर मान्य झाले आहे. पुमवानीच्या मूठभर स्त्रियांना निसर्गाने जे दिले, ते कोणाही सामान्य बायकोला तिच्या नवऱ्याच्या गोळीने देता येते. २०२४ साली तर आणखी एक वार्ता आली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील निरोगी तरुणी आणि मुलींना सहा महिन्यांतून एकदा टोचावयाचे एक औषध देऊन पाहिले. ते मिळालेल्या दोन हजारांहून अधिक जणींपैकी एकीलाही बाधा झाली नाही.

आपल्या देशात सरकारी दवाखान्यातून ही औषधे फुकट मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि तीही प्रथम थोड्याच ठिकाणी. २०१७ पासून तपासणीत बाधा दिसली, की प्रकृतीची वाट न पाहता उपचार सुरू करावयाचे असे धोरण झाले. आमच्या बाईचा नवरा २००३ साली गेला. हे दोन आकडे शेजारी लिहिताना माझा हात थांबतो.

कायदाही पालटला. ज्या भूमीवर १८६८ साली बाईला कोंडण्याचा कायदा झाला, तेथे २०१७ साली एचआयव्हीबाधितांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. बाधित माणसाला, किंवा बाधित माणसासोबत राहतो म्हणून कोणालाही, शाळेत, नोकरीत, दवाखान्यात वा राहत्या घरात वेगळे वागविणे आता बेकायदा आहे. थोरल्या गुरुजींना आज "गावाचं तोंड कसं धरायचं" असे विचारण्याची सोय उरली नाही.

पण गावाचे तोंड कायद्याने बंद होत नाही. ते माहितीने वळवावे लागते. हे होऊ शकते याचा दाखला आमच्याच शिरूर तालुक्यात आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० नंतरच्या दशकात वढूला ग्रामीण आरोग्याचे काम उभारले. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी त्यांच्या हाती आरोग्याची गोष्ट दिली आणि ती घरोघर गेली. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाई म्हणजे रोगाचे घर असे मानणाऱ्या छावणीच्या मुलखात, बाईच आरोग्याची वाटाडी होऊ शकते हे त्यांनी दाखविले.

गेल्या दिवाळीत ती बाई फराळाचा डबा घेऊन आमच्याकडे आली होती. बरोबर मुलगा होता. रांजणगावच्या एका कारखान्यात तो कामाला आहे. लग्न झाले आहे, एक मुलगी आहे. पाचवीत त्याच्या बाकावर बसावयास जो पोरगा तयार नव्हता, तोच आज त्याला मोटारसायकलवरून कारखान्यात नेतो-आणतो.

पोरे अंगणात फुलबाज्या लावीत होती. मी तिला वीस वर्षांपूर्वीच्या तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. गांबिया, नैरोबी, राखणदार, ओला कडबा, सारे जमेल तितके सोपे करून सांगितले. बाजारात बसविलेल्या परदेशी बायकांचे रक्त शास्त्रज्ञांनी देवघरातल्या तीर्थासारखे जपून ठेवले, हे ऐकताना तिने नकळत पदर सावरला. शेवटी म्हणाली,

"म्हंजे गुरुजी, गंजीचं काय नव्हतं. वाऱ्याचंच व्हतं म्हणा."

"गंजीचंही थोडं असेल, ताई. पण त्यात गंजीचा गुण नाही, आणि जी पेटली तिचा दोष नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे सासूबाई असताना सांगाया पायजे व्हतं. माझ्यासाठी न्हवं, त्यांच्यासाठी. मरंस्तवर त्या इचारत व्हत्या, ह्यी कशी वाचली. त्यांना लेकाचं दुख व्हतं, दुसरं काय न्हाई."

एवढे बोलून तिने डब्याचे झाकण काढले आणि माझ्या बायकोला हाक मारली, "वहिनी, करंज्या खाऊन बघा. औंदा खोबरं जरा जास्त घातलंय."